कसंनुसं

वाशीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून
मी एक तक्ता आणला, सुरळी करून,
दिघ्यापर्यंत बसमध्ये मांडीवर आडवा धरून.
सहा पिवळे चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला,
घाबरलेला, चकित, शांत.
सातवी ब-च्या दाराशी लावला.
आत येताना आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं,
मगच बाकावर जायचं.

आठवडाभर त्रेपन्न बोटं आनंदीवर.
बरोबर उत्तर कुठलं
हे आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी कळतं.
दगडखाण बंद पडल्यापासून
ज्यांचे बाप घरीच असतात, तीही आनंदी.
आदली रात्र शेजारणीकडे काढलेली सुगंधा राठोडही आनंदी.
आनंदीचा गाल मळून काळपट झाला,
बाकीचे पाच जण कोरे करकरीत.
माझं तरी काय वेगळं होतं,
मुख्याध्यापकांनी "कसं काय, बाई?" म्हटलं की
"मजेत."

गुरुवारी दर्पण मढवी दारात अडला.
मागे रांग. घंटा होऊन गेलेली.
त्याचं बोट रागावलेल्याकडे गेलं,
घाबरलेल्यावरून फिरलं,
आणि तक्त्याच्या बाहेर
पोपडे धरलेल्या भिंतीवर टेकलं.
"तिथं कोणी नाहीये रे," मी म्हणाले.
"हाय ना," तो म्हणाला. "कसंनुसं."

वर्ग हसला.
मग ते हसू मधेच कुठेतरी अडकलं
आणि मागच्या बाकावरून एक बारीक आवाज:
"बाई, घालमेल कुठाय?"

त्या दिवशी अपूर्णांक राहिले.
भिंत सरकारी असूनही मी पेन्सिल दिली.
हुरहूर आली. धास्ती आली.
जालन्याहून आलेल्या एकीनं "करमंना" लिहिलं,
खाली बारीक अक्षरात गावाचं नाव.
हिरमुसणं-मधला मु पहिला की दुसरा
यावर दोघांची जुंपली.
पोटातला गोळा आवेझनं लिहिला नाही, काढला,
आणि इतका गिरवला की भिंतीला खड्डा पडला.
सुगंधानं तिचा शब्द गोरमाटीत लिहिला,
अर्थ सांगितला नाही.
कोणी मागितलाही नाही.

समुपदेशक बाई आमच्याकडे एक मंगळवार आड येतात.
पाच शाळांत मिळून एक वैदेही पिंपळे.
त्यांची खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाचं कोठार;
दोन खुर्च्या, वजनकाटा, पोत्यांचा उबट वास.
दर्पण तिथं पाऊण तास बसला.
बाहेर आला तेव्हा मुठीत तांदूळ होते,
व्हरांडाभर एकेक दाणा टाकत चालला,
चिमण्यांसाठी नव्हे, उगाच.
काय बोलला, मला माहीत नाही.
ओठांवर आलेला प्रश्न मी
चहाबरोबर गिळला.
फक्त त्याची जागा बदलली, खिडकीकडे,
जिथून पारसिकचा डोंगर दिसतो,
अर्धा कापलेला.
कापलेल्या अंगालाही हल्ली थोडं गवत धरलंय,
पण ते मी त्याला दाखवलं नाही.
दिसलं तर दिसेल.

सगळं ठीक झालं, असं काही नाही.
अजून आठवड्यातून दोनदा त्याचं बोट भिंतीवरच जातं.
एकदा शांतवर ठेवलं
आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.
मीही परवा शाळा सुटल्यावर
कोणी बघत नाही असं पाहून
एका कोपऱ्यात "रुखरुख" लिहिलं,
अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढून.
सकाळी पोरांनी ओळखलंच.
"हा र बाईंचा हाय."
मग कोणीतरी माझ्या टेबलावर
अर्धं चिक्कीचं पाकीट ठेवून गेलं.
कोण, ते अजून कळलेलं नाही.

तपासणीच्या आधी रंगारी आला.
पांढऱ्याचा एक पट्टा मारला, मागे सरून बघितलं.
शब्द खालून दिसतच होते.
"एका हातात झाकायचं नाही हे," तो म्हणाला.
"अजून एक हात मारू?"

त्रेपन्न जण माझ्याकडे बघत होते.

"नको," मी म्हणाले.